मनोऱ्यासमोर बसलेला चित्रकार

शॅनन ही आयर्लंडमधली सर्वांत लांब नदी. तिच्या काठी, दलदलीच्या सपाट मुलखात, क्लॉनमॅकनॉइज नावाच्या मठाचे अवशेष आहेत. संत किअरनने सहाव्या शतकात हा मठ स्थापला. पुढची कित्येक शतकं तिथे हस्तलिखितं तयार झाली, धातूची नाजूक कामं घडली, राजांना मूठमाती मिळाली. आज उभी आहेत ती छप्पर हरवलेली लहान लहान चर्च, कोरीव दगडी क्रूस आणि दोन गोल मनोरे. सप्टेंबरात, संत किअरनच्या सणाला, आसपासच्या गावांतली माणसं इथे प्रदक्षिणा घालायला येत. मठ बंद पडला, राज्यं गेली, आयरिश भाषाही मागे हटू लागली. प्रदक्षिणा मात्र चालू राहिली.

१८२०च्या सुमारास डब्लिनहून एक तरुण चित्रकार इथे आला. त्याचं नाव जॉर्ज पेट्री. निसर्गचित्रं काढणं हा त्याचा पोटापाण्याचा धंदा होता. पडकी चर्च आणि त्यामागे मावळता सूर्य अशा चित्रांना तेव्हा चांगली मागणी होती आणि पेट्रीने तशी चित्रं काढलीही. पण क्लॉनमॅकनॉइजमध्ये तो गवतात पडलेल्या थडग्यांच्या शिळांपाशी गुडघे टेकून बसला. शिळांवर जुन्या आयरिश लिपीत नावं कोरलेली होती, अमक्यासाठी प्रार्थना करा अशा अर्थाची. त्या काळी ती वाचता येणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. पेट्रीने ती अक्षरं जशी दिसली तशी, तुटलेल्या कडांसकट, एकेक करून उतरवून घेतली. जवळजवळ नव्वद वर्षांनी रॉबर्ट मॅकॅलिस्टर हा पुरातत्त्वज्ञ या शिळांची यादी करायला बसला, तेव्हा पेट्रीने पाहिलेल्या काही शिळा जागेवर नव्हत्या. त्यांचा उरलेला पुरावा म्हणजे या चित्रकाराची रेखाटनं.

माझ्या मते पेट्रीचं सगळं मोठेपण या एका सवयीतून आलं आहे. त्याला आयरिश पुरातत्त्वाचा जनक म्हणतात, लोकसंगीताचा संग्राहक म्हणतात आणि मग शेवटी, जाता जाता, तो चित्रकारही होता असं सांगतात. हा क्रम मला उलटा वाटतो. तो आधी चित्रकार होता आणि शेवटपर्यंत चित्रकारच राहिला. बाकीचं सगळं त्याच्या बघण्यातून निघालं.

पेट्रीचा जन्म १७९० साली डब्लिनमध्ये झाला. घराणं मूळचं स्कॉटलंडचं, धर्माने प्रॉटेस्टंट. वडील जेम्स पेट्री हे व्यक्तिचित्रकार. तळहातावर मावतील अशी छोटी चित्रं ते काढत आणि जुनी नाणी, जुन्या वस्तू जमवत. मुलगा वाढला तो रंगाच्या वासात आणि या वस्तूंच्या पसाऱ्यात. शाळा होती ग्राफ्टन स्ट्रीटवरची सॅम्युअल व्हाइट यांची. कवी टॉमस मूर याच शाळेत शिकून गेला होता.

१८०३ साली रॉबर्ट एमेट या तरुण क्रांतिकारकाचा डब्लिनमधला उठाव फसला आणि त्याला फाशी झाली. जेम्स पेट्रींनी एमेटचं चित्र काढलं होतं. त्याच्या मृत चेहऱ्याचा साचाही त्यांनीच घेतला. या चित्राची एक आठवण जॉर्जने पुढे आपल्या मित्रांना सांगितली. तो तेव्हा तेरा-चौदा वर्षांचा. वडील बाहेर गेलेले, आणि हा मुलगा चित्रशाळेच्या कोपऱ्यात बसलेला. दार उघडून एक बाई आत आली. चेहऱ्यावर दाट जाळी. तिने मुलाकडे पाहिलंही नाही. ती सरळ त्या चित्रापुढे गेली, जाळी वर केली, बराच वेळ बघत राहिली आणि मग भिंतीला डोकं टेकून रडू लागली. मुलाला हलावं की बसून राहावं ते कळेना. थोड्या वेळाने तिने डोळे पुसले, जाळी खाली ओढली आणि ती आली तशी निघून गेली. ती सारा करन होती, एमेटची वाग्दत्त वधू. चित्र म्हणजे नुसती शोभा नव्हे, गेलेल्या माणसाचं त्यात काहीतरी उरतं, हे त्या मुलाने फार लवकर आणि फार जवळून पाहिलं.

डब्लिन सोसायटीच्या चित्रशाळेत त्याला लहान वयातच रौप्यपदक मिळालं. वडिलांची इच्छा होती की त्याने शल्यवैद्य व्हावं, पण मुलगा वही घेऊन विकलोच्या डोंगरांत जाई. १८०८च्या त्या भटकंतीतल्या नोंदींत डोंगर आहेत, पडकी चर्च आहेत आणि वाटेत ऐकलेल्या गाण्यांच्या चालीही आहेत. वय अठरा. पुढच्या अठ्ठावन्न वर्षांत त्याच्या आवडींत नवीन भर फारशी पडली नाही. त्या खोल मात्र होत गेल्या.

१८१३ साली तो दोन मित्रांबरोबर लंडनला गेला. फ्रान्सिस डॅन्बी आणि जेम्स आर्थर ओ'कॉनर. तिघेही विशीच्या आसपासचे, तिघेही निसर्गचित्रकार, आणि तिघांच्याही खिशात फारसं काही नाही. पेट्री लवकरच डब्लिनला परतला. मागे राहिलेल्या दोघांचे पैसे संपले. ते चालत ब्रिस्टलला पोचले. तिथे डॅन्बीने विकलोची जलरंगचित्रं विकून ओ'कॉनरच्या परतीच्या बोटीचं भाडं उभं केलं. स्वतः डॅन्बी इंग्लंडमध्येच राहिला आणि प्रलय, वादळं, आकाश फाटण्याची दृश्यं अशा भव्य कॅनव्हासांनी गाजला. ओ'कॉनर आयर्लंडच्या काळोख्या दऱ्या आणि एकट्या वाटसरूंची चित्रं काढत राहिला आणि १८४१ मध्ये लंडनमध्ये हलाखीत वारला. या तिघांत रंगांची ताकद सर्वांत जास्त डॅन्बीकडे होती, हे मान्य करायला हवं. पेट्रीचं बळ वेगळीकडे होतं.

त्याचं उत्पन्न येई ते मुख्यतः पुस्तकांतल्या चित्रांतून. नेपोलियनची युद्धं संपली होती, रस्ते सुधारले होते आणि इंग्लंडमधले सुखवस्तू लोक आयर्लंड बघायला येऊ लागले होते. त्यांच्यासाठी सचित्र प्रवासपुस्तकं निघत. क्रॉमवेलचं 'एक्सकर्शन्स थ्रू आयर्लंड', ब्रुअरचं 'ब्यूटीज ऑफ आयर्लंड', फिशरचं 'आयर्लंड इलस्ट्रेटेड' अशा कितीतरी पुस्तकांसाठी त्याने दृश्यं काढली. हे काम कसं चाले ते समजून घेण्यासारखं आहे. चित्रकार जागेवर जाऊन लहान आकाराचं चित्र करी. ते खोदकाम करणाऱ्या कारागिराकडे जाई. तो ते धातूच्या पत्र्यावर बारीक रेषांनी कोरून काढी आणि त्या पत्र्यावरून शेकडो, हजारो प्रती निघत. तांब्याचा पत्रा लवकर झिजे. १८२०नंतर पोलादी पत्रे वापरात आले आणि प्रती कितीतरी वाढल्या. पण कोरणाऱ्या कारागिराने ती जागा पाहिलेली नसे. चित्रात दगडाची जोडणी धूसर असेल तर तो मनाने काहीतरी भरी. म्हणून कमान कुठे सुरू होते, दाराच्या बाजू सरळ आहेत की वर जाताना आत झुकतात, दगड घडीव आहेत की ओबडधोबड, हे सगळं चित्रकाराला चोख दाखवावं लागे. अशी वर्षानुवर्षं काढलेली शेकडो दृश्यं म्हणजे पेट्रीचं विद्यापीठ. इतिहासाची पदवी त्याच्याकडे नव्हती, पण आयर्लंडमधली जितकी दारं, खिडक्या आणि कमानी त्याच्या हाताखालून गेल्या होत्या तितक्या त्या काळात क्वचितच कुणाच्या गेल्या असतील.

त्याची स्वतंत्र चित्रं जलरंगातली आहेत. जलरंगात पांढरा रंग बहुधा वापरत नाहीत. उजेड दाखवायचा तिथे कागद कोरा सोडायचा आणि पातळ रंगाचे थर एकावर एक चढवत अंधाराकडे जायचं. एकदा भरलेली जागा सहज उजळ करता येत नाही, त्यामुळे उजेड कुठे पडणार ते आधीच ठरवावं लागतं. पेट्री सावकाश, विचार करून रंगवणारा होता आणि हे माध्यम त्याच्या स्वभावाला मानवलं. 'यात्रेकरूंची अखेरची प्रदक्षिणा, क्लॉनमॅकनॉइज' हे त्याचं सर्वांत प्रसिद्ध चित्र. विषय त्याने प्रथम १८२८ साली प्रदर्शनात मांडला आणि पुढच्या दशकात पुन्हा रंगवला. ते दुसरं चित्र आज डब्लिनच्या राष्ट्रीय कलादालनात आहे. संध्याकाळचा कलता उजेड, मनोरा, दगडी क्रूस, थडग्यांमधून फिरणारी आणि गुडघे टेकलेली माणसं, पलीकडे शॅननचं पसरट पाणी. आपल्याला नुसता देखावा काढायचा नव्हता, इतिहास आणि कविता दोन्ही ज्यात येतील असं आयर्लंडचं चित्र काढायचं होतं, असं त्याने एका पत्रात लिहिलं आहे. हे म्हणणं साधं वाटतं, पण इंग्रज प्रवाशांसाठी काढलेल्या चित्रांत पडकं चर्च शोभेपुरतं असे आणि आयरिश शेतकरी कोपऱ्यात रंगाच्या ठिपक्यापुरता. इथे ती वास्तू आणि ती माणसं एकमेकांची आहेत. चर्चचं छप्पर गेलं तरी चर्च ज्यांचं होतं ते लोक अजून तिथेच आहेत, असं हे चित्र सांगतं. कॅथलिकांना संसदेत बसण्याचा हक्कसुद्धा मिळाला नव्हता अशा वर्षी एका प्रॉटेस्टंट चित्रकाराने हा विषय प्रथम मांडला, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

चित्रात तो अतिशयोक्ती करी, हेही खरं. डून एंगस हा ॲरन बेटांवरचा दगडी किल्ला समुद्रात थेट कोसळणाऱ्या कड्याच्या काठावर आहे. कडा मुळातच शंभर मीटरच्या आसपास उंच, पण पेट्रीच्या जलरंगात तो त्याहून कितीतरी प्रचंड दिसतो. कॉर्कमधल्या गूगान बारा सरोवराचे डोंगरही त्याने असेच वर ओढले आहेत. हा त्या काळातल्या चित्रकलेचा रिवाज होता. निसर्गापुढे माणूस क्षुद्र दिसला की प्रेक्षकाच्या अंगावर काटा येई. एक भेद मात्र त्याने कटाक्षाने पाळला. डोंगराची उंची त्याने वाढवली, पण कोरीव अक्षराचा एक कानाही स्वतःच्या मनाने वाढवला नाही.

१८२८ मध्ये तो रॉयल हायबर्निअन अकादमीचा, म्हणजे आयर्लंडच्या चित्रकारांच्या संस्थेचा, पूर्ण सदस्य झाला. त्याच सुमारास रॉयल आयरिश अकादमी या विद्वानांच्या संस्थेतही त्याला प्रवेश मिळाला. तिथला पुरावस्तूंचा विभाग मरगळलेला होता. पेट्रीने त्यात जीव ओतला. १८३१ साली एका लिलावात जुन्या हस्तलिखितांचा गठ्ठा आला. त्यातलं एक हस्तलिखित म्हणजे सतराव्या शतकात मिहॉल ओ क्लेरी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी संकलित केलेल्या आयर्लंडच्या बखरींचा, 'ॲनल्स ऑफ द फोर मास्टर्स'चा एक भाग होता, आणि तोही त्यांच्या स्वतःच्या हातचा. पेट्रीने ते ओळखलं, पदरचे पैसे घालून घेतलं आणि नंतर त्याच किमतीला अकादमीच्या हवाली केलं. पैशांची त्याला नेहमीच चणचण असे. संसार मोठा, चित्रांचं उत्पन्न अनियमित. तरीही नफा घ्यावा असं त्याच्या मनात आलं नाही.

आणि मग आला मनोऱ्यांचा वाद. हे गोल मनोरे आयर्लंडभर विखुरलेले आहेत. बांधणी बारीक आणि उंच, वर निमुळती होत जाणारी; कित्येकांची उंची तीस मीटरच्या आसपास. माथ्यावर दगडी शंकू. आणि सगळ्यांत विचित्र गोष्ट म्हणजे दार बहुधा जमिनीपासून दोन-तीन मीटर वर. कुणी बांधले, केव्हा, कशासाठी? अठराव्या शतकापासून विद्वानांनी कल्पनेचे घोडे चौखूर सोडले होते. कुणी म्हणे हे फिनिशियन व्यापाऱ्यांचं काम. कुणी म्हणे डेन लोकांनी, म्हणजे समुद्रावरून आलेल्या लुटारूंनी बांधले. कुणी म्हणे अग्निपूजकांची मंदिरं. चार्ल्स व्हॅलन्सी या लष्करी अभियंत्याने आयरिश भाषेचं नातं पार पूर्वेकडच्या भाषांशी जोडून ठेवलं होतं. त्या काळात युरोपातल्या पंडितांना संस्कृतचा नुकताच शोध लागला होता. जे जे गूढ दिसेल त्याचं मूळ भारतात किंवा इराणात शोधण्याची चढाओढ लागली होती.

१८३० च्या अखेरीस रॉयल आयरिश अकादमीने या प्रश्नावर निबंधस्पर्धा जाहीर केली. १८३३ मध्ये पेट्रीला सुवर्णपदक आणि पन्नास पौंड मिळाले. हेन्री ओ'ब्रायन या तरुण स्पर्धकाला वीस पौंडांवर समाधान मानावं लागलं. तो भयंकर चिडला आणि पुढच्याच वर्षी त्याने आपला सिद्धांत पुस्तकरूपाने छापला: मनोरे बांधले ते इराणातून आलेल्या आणि बौद्ध धर्म पाळणाऱ्या प्राचीन लोकांनी! पुस्तकाच्या नावातच बौद्ध धर्म होता. आपल्याकडच्या वाचकाला यात गंमत वाटेल, कारण बौद्ध स्तूप आणि लेणी कशी असतात ते आपण पाहिलेलं असतं आणि त्यांचा या मनोऱ्यांशी काही संबंध नाही हे एका नजरेत कळतं. ओ'ब्रायनने दोन्ही गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून कधी पाहिल्या नव्हत्या. त्याचा सगळा डोलारा शब्दांच्या साम्यावर उभा होता.

पेट्रीने नेमकं तेच केलं: वस्तू शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. मनोऱ्याचं दार घ्या. त्याच्या बाजू वर जाताना किंचित आत झुकतात. कमान पुष्कळदा मोठ्या दगडातूनच कापून काढलेली असते. आता शेजारच्या जुन्या चर्चचं दार बघा. तसाच झुकाव, तशीच कमान, दगड लावण्याची तीच पद्धत, चुन्याचा तोच प्रकार. दोन्हींवर एकाच परंपरेतल्या गवंड्यांचा हात फिरला आहे. मीथ परगण्यातल्या डोनामोरच्या मनोऱ्यावर दाराच्या माथ्याशी सुळावर दिलेला ख्रिस्त कोरलेला आहे. अँट्रिमच्या मनोऱ्यावर दारावर क्रूस आहे. क्लॉनमॅकनॉइजचा लहान मनोरा तर फिनीनच्या चर्चच्या भिंतीशी एकजीव बांधलेला आहे. चर्च आणि मनोरा एकाच वेळी उभे राहिल्याशिवाय दगड असे एकमेकांत गुंतणार नाहीत. ग्लेंडालॉखला संत केव्हिनच्या चर्चच्या छपरातूनच एक छोटा गोल मनोरा वर निघतो. अग्निपूजकांनी ख्रिस्ती चर्चच्या छपरावर मंदिर बांधलं असं म्हणायचं का?

मग त्याने बखरींकडे मोर्चा वळवला. तिथे या मनोऱ्यांना घंटाघर अशा अर्थाचं नाव आहे. इ.स. ९५० मध्ये स्लेनचं घंटाघर डब्लिनच्या परकीय लुटारूंनी जाळलं, आत पवित्र वस्तू होत्या, घंटा होती आणि माणसंही होती, अशी नोंद आहे. क्लॉनमॅकनॉइजचा मोठा मनोरा ११२४ साली पुरा झाल्याची नोंद आहे. दार उंचावर का, याचंही उत्तर यातच मिळालं. एरवी घंटा वाजवायला, दुरून मठाची खूण पटायला हा मनोरा. धाड पडली की ग्रंथ, पवित्र वस्तू आणि जमेल तितकी माणसं आत घ्यायची आणि शिडी ओढून घ्यायची. स्लेनला ते साधलं नाही, कारण आत लाकडी मजले होते आणि आग लागली की तो मनोरा धुरांड्याचं काम करी.

विरोधक गप्प बसले नाहीत. कॉर्ककडच्या काही मंडळींनी मनोऱ्यांच्या पायाशी खणलं, तिथे सांगाडे सापडले आणि हे मनोरे म्हणजे प्राचीन समाध्याच अशी द्वाही त्यांनी फिरवली. पण मठांच्या आवारात जुनी दफनभूमी असायचीच. तिच्यावर पाया घातला तर सांगाडे निघणारच. पेट्री उत्तरं देण्याच्या घाईत पडला नाही. तो आणखी मनोरे बघत राहिला, आणखी रेखाटनं करत राहिला. निबंध वाढत वाढत १८४५ मध्ये भलामोठा ग्रंथ होऊन बाहेर आला, पानोपानी लाकडी ठशांवरच्या चित्रांसह. ग्रंथातलं एखादं विधान पटलं नाही तर वाचकाने लगेच चित्र बघावं आणि स्वतः ठरवावं, अशी त्याची मांडणी आहे. काही मनोऱ्यांचा काळ त्याने फार मागे, पाचव्या-सहाव्या शतकापर्यंत नेला, तो पुढच्या संशोधकांनी दहाव्या ते बाराव्या शतकांपर्यंत आणून आवळला. मूळ उत्तर मात्र आजही तेच आहे.

मधल्या काळात त्याच्यावर आणखी एक काम आलं. ब्रिटिश सरकार १८२४ पासून आयर्लंडची मोजणी करत होतं. जमिनीवरच्या कराची नीट आकारणी व्हावी म्हणून. मैलाला सहा इंच अशा मोठ्या प्रमाणात साऱ्या देशाचे नकाशे. नकाशावर गावांची नावं लिहायची तर ती कोणती आणि कशी, हा प्रश्न होता, आणि नावं होती साठ हजारांच्या वर. टॉमस लारकम या अधिकाऱ्याच्या आग्रहाने नावं आणि पुरावशेष यांचा विभाग उभा राहिला आणि १८३५ पासून पेट्री त्याचा प्रमुख झाला. कचेरी कुठे? डब्लिनमध्ये ग्रेट चार्ल्स स्ट्रीटवर, पेट्रीच्या राहत्या घरी. तिथे जमलेली माणसं बघा: आयरिश भाषेचे पंडित जॉन ओ'डोनोव्हन आणि यूजीन ओ'करी, कवी जेम्स क्लॅरन्स मँगन. ओ'डोनोव्हन परगण्यापरगण्यांतून पायी फिरे, म्हाताऱ्या माणसांना गावाचं नाव उच्चारायला लावी, त्यामागची हकिकत विचारी आणि पावसात भिजलेल्या कपड्यांनिशी रात्री पत्र लिहून डब्लिनला धाडी. इकडे ओ'करी आणि इतर मंडळी हस्तलिखितांतून त्या गावाचे जुने उल्लेख हुडकत. आयरिश इतिहासाच्या अभ्यासाची पहिली शिस्तबद्ध शाळा अशी एका चित्रकाराच्या घरात भरली. पगार तुटपुंजे, पण वातावरण एखाद्या घरासारखं. १८३७ मध्ये टेम्पलमोर या एकाच पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या मुलखाच्या, माहितीचा पहिला ग्रंथ निघाला तो साडेतीनशे पानांच्या वर गेला. खर्चाचा आकडा बघून सरकारने हात आखडता घेतला आणि काही वर्षांत विभागच गुंडाळला. पुढचे खंड निघालेच नाहीत. हे फार मोठं नुकसान होतं, कारण पुढे काय वाढून ठेवलं आहे याची कुणालाच कल्पना नव्हती.

१८४५ च्या शरदात बटाट्याच्या पिकावर रोग पडला. पुढच्या चार-पाच वर्षांत सुमारे दहा लाख माणसं भुकेने आणि साथींनी मेली आणि तितकीच देश सोडून गेली. ज्या पश्चिम भागात पेट्री चित्रं काढत, चाली टिपत हिंडला होता, तिथे सर्वांत जास्त हानी झाली. आयरिश बोलणारी, जुनी गाणी येणारी माणसंच सर्वांत गरीब होती. ज्या रस्त्यांवर पूर्वी गाणं कानावर पडल्यावाचून राहत नसे ते रस्ते मुके झाले, असं त्याने दुष्काळानंतर लिहिलं आहे. चाली तो तरुणपणापासून निव्वळ आवडीने जमवत आला होता. काही त्याने कवी मूरला दिल्या होत्या, काही इतर संग्राहकांना. आता त्या छापून ठेवायलाच हव्यात हे त्याला पटलं. १८५१ मध्ये त्यासाठी एक संस्था निघाली, पेट्री तिचा अध्यक्ष झाला आणि १८५५ साली संग्रहाचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. लिमाव्हाडीच्या जेन रॉस या बाईंनी पाठवलेली, नाव नसलेली एक चाल त्यात होती. तीच पुढे 'लंडनडेरी एअर' म्हणून जगभर गेली. 'डॅनी बॉय' हे गाणं तिच्यावरच बांधलेलं आहे.

१८५७ च्या सप्टेंबरात ऑस्कर वाइल्डचे वडील विल्यम वाइल्ड यांनी विद्वानांची एक मोठी सहल ॲरन बेटांवर नेली आणि डून एंगसच्या तटांच्या आत पंगत मांडली. पेट्री तेव्हा सदुसष्ट वर्षांचा. मंडळी पांगल्यावर तो आणि ओ'करी मागे राहिले. संध्याकाळी गावातल्या एका झोपडीत ज्यांना गाणी येतात ती माणसं जमत. चुलीच्या उजेडात पेट्री वही आणि पेन्सिल घेऊन बसे. आधी गाणं पुरतं ऐकायचं. मग ओ'करी शब्द लिहून घेई. मग गाणाऱ्याने सावकाश, थांबत थांबत म्हणायचं आणि पेट्री सूर टिपे. पुन्हा एकदा म्हणायचं, चुका दुरुस्त व्हायच्या. शेवटी पेट्री व्हायोलिन उचलून तीच चाल वाजवून दाखवी आणि दाटीवाटीने बसलेले लोक आनंदाने उसळत. चाल खरी कोणती हे ठरवायला गाण्याच्या शब्दांची लय तपासली पाहिजे, नुसत्या वादकांवर विसंबू नये, असं त्याचं मत होतं. दगडांच्या बाबतीत जी चिकाटी, तीच इथेही.

त्याच वर्षी तो रॉयल हायबर्निअन अकादमीचा अध्यक्ष झाला, पण १८५९ मध्ये त्याने ते पद सोडलं. १७ जानेवारी १८६६ रोजी डब्लिनमध्ये त्याचं निधन झालं. त्याचं चरित्र लिहिलं ते त्याचे मित्र विल्यम स्टोक्स यांनी. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना चेन-स्टोक्स श्वसनामुळे ठाऊक असलेले हेच ते डॉक्टर. स्टोक्सची मुलगी मार्गारेट हिने पेट्रीने उतरवून घेतलेले शिलालेख संपादून १८७० च्या दशकात दोन खंडांत छापले. त्याने जमवलेल्या वस्तू अकादमीकडे आणि तिथून राष्ट्रीय संग्रहालयात गेल्या. त्यांत ब्राँझचा एक अप्रतिम प्राचीन अलंकार आहे, 'पेट्रीचा मुकुट' म्हणून ओळखला जाणारा. चाली मात्र वह्यांतच होत्या. त्यांचा पूर्ण संग्रह संगीतकार चार्ल्स स्टॅनफर्ड यांनी १९०२ ते १९०५ या काळात छापला. त्यात १५८२ चाली आहेत, आणि पुष्कळ चालींच्या माथ्यावर ती कुणी म्हटली, कोणत्या गावात म्हटली आणि ॲरनच्या काही चालींवर तर कोणत्या तारखेला, हे पेट्रीने लिहून ठेवलेलं आहे.